शंभर मुले आणि एक डोंगरवाट : ग्लॅडिस आयलवर्ड यांचे जीवन आणि त्यावरील कथासाहित्य

युद्धकाळात स्वतःचा जीव धोक्यात घालून पोरक्या मुलांचे रक्षण करणाऱ्या व्यक्तींच्या कथा हा इंग्रजीतील ख्रिस्ती ऐतिहासिक कथासाहित्याचा एक आवडता विषय होय. यातील पुष्कळशा कथा दुसऱ्या महायुद्धातील युरोपात घडतात. हॉलंडमधील घरांत किंवा फ्रान्समधील ल शांबों या प्रोटेस्टंट वस्तीच्या गावात ज्यू मुलांना दिलेला आश्रय त्यांत रंगविलेला असतो. तथापि या परंपरेतील सर्वांत परिचित कथांपैकी एक चीनमधील आहे. लंडनमध्ये घरकाम करणाऱ्या ग्लॅडिस आयलवर्ड या स्त्रीने १९४० मध्ये सुमारे शंभर मुलांना जपानी सैन्याच्या तावडीतून डोंगरांपलीकडे नेले. या घटनेवर चरित्र लिहिले गेले, चित्रपट निघाला, मुलांसाठी कादंबऱ्या झाल्या. मात्र या कथनांपैकी सर्वांत गाजलेल्या कथनाने ग्लॅडिस यांना सर्वाधिक मनस्ताप दिला. प्रत्यक्ष जीवन आणि त्यावर रचलेली कथा यांत कोठे अंतर पडते आणि त्या अंतरात काय हरवते, हे समजून घेण्यास त्यांचे उदाहरण म्हणूनच उपयुक्त ठरते.

लंडन ते यांगचेंग

ग्लॅडिस यांचा जन्म २४ फेब्रुवारी १९०२ रोजी उत्तर लंडनमधील एडमंटन येथे झाला. वडील टपालखात्यात होते. शालेय शिक्षण बेताचेच झाले आणि लहान वयातच त्या श्रीमंतांच्या घरी कामाला लागल्या. चीनमध्ये धर्मकार्यासाठी जाण्याची ओढ लागल्यावर त्यांनी हडसन टेलर यांनी १८६५ मध्ये स्थापन केलेल्या ‘चायना इनलँड मिशन’ या संस्थेत उमेदवारी केली. परंतु अभ्यासातील प्रगती समाधानकारक नाही आणि या वयात चिनी भाषा आत्मसात होणे कठीण, असा निर्वाळा देऊन संस्थेने त्यांना परत पाठविले.

त्यानंतर त्यांनी पुन्हा घरकाम पत्करले. त्यांच्या मालकांपैकी एक होते सर फ्रान्सिस यंगहजबंड. १९०३-०४ च्या तिबेट मोहिमेमुळे हे नाव भारतीय वाचकांस परिचित आहे. पगारातून शिल्लक टाकून ग्लॅडिस यांनी चीनचे तिकीट काढण्याचे ठरविले. बोटीचे भाडे ९० पौंडांच्या घरात होते. सायबेरियामार्गे रेल्वेने जाण्यास ४७ पौंड १० शिलिंग पुरेसे होते. मंचुरियाच्या सीमेवरील अशांततेमुळे तो मार्ग धोक्याचा असल्याचे सांगण्यात आले, तरी त्यांनी तोच स्वीकारला. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्या निघाल्या. सायबेरियात गाडी पुढे जाईना, तेव्हा बर्फातून रुळांच्या कडेने पायी माघारी यावे लागले. अखेर व्लादिव्होस्तोकहून जपान आणि तेथून चीन असा वळसा घेऊन शान्सी प्रांताच्या दक्षिणेकडील यांगचेंग या तटबंदीच्या डोंगरी गावी त्या पोहोचल्या.

आठ सुखांची सराई

यांगचेंगमध्ये जीनी लॉसन या वृद्ध स्कॉटिश धर्मसेविका एकट्याच राहत होत्या. गावावरून खेचरांचे तांडे माल घेऊन जात आणि खेचरवाल्यांना रात्रीच्या मुक्कामासाठी जागा लागे. हे हेरून दोघींनी आपल्या पडक्या वाड्याची सराई केली. गरम जेवण, ऊबदार निजण्याची जागा, जनावरांना वैरण, आणि जेवणानंतर बायबलमधील गोष्टी, असा तेथील परिपाठ होता. परकीयांच्या घरी जाण्यास खेचरवाले बिचकत. तेव्हा पुढच्या खेचराचा लगाम धरून त्याला सरळ अंगणात ओढून आणण्याचे काम ग्लॅडिस यांच्याकडे आले. एक खेचर आत शिरले की मागचा तांडाही मुकाट आत येई. खेचरवाल्यांशी बोलता बोलता त्या स्थानिक बोली शिकल्या. त्यांना चिनी भाषा येणार नाही हे संस्थेचे भाकीत या अंगणातच खोटे ठरले.

सराईचे नाव ‘आठ सुखांची सराई’ असे होते. मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या धन्यतेच्या वचनांना चिनी ख्रिस्ती समाजात ‘आठ सुखे’ असेच म्हणतात. त्यामुळे सामान्य चिनी वाटसरूला हे नाव शुभ वाटे आणि ख्रिस्ती माणसाला त्यात ओळखीची खूण सापडे.

काही काळातच लॉसन यांचे निधन झाले आणि सराईचा खर्च भागेनासा झाला. याच सुमारास यांगचेंगच्या मँडरिनने, म्हणजे तेथील प्रमुख अधिकाऱ्याने, ग्लॅडिस यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवला. मुलींचे पाय बांधून खुरटविण्याच्या प्रथेवर शासनाने बंदी घातली होती आणि ती गावोगाव अमलात आणण्यासाठी न बांधलेल्या पायांची स्त्री निरीक्षक म्हणून हवी होती. ग्लॅडिस यांनी ते काम पत्करले. सरकारी शिपाई बरोबर घेऊन खेचरावरून त्या वाड्यावस्त्यांवर जात आणि लहान मुलींच्या पायांवरील पट्ट्या सोडवीत. या फिरतीमुळे त्या भागातील प्रत्येक पायवाट त्यांना ठाऊक झाली. पुढे मुलांना घेऊन निघण्याची वेळ आली, तेव्हा ही ओळख कामी आली.

गावच्या तुरुंगात दंगल उसळली, त्या वेळीही त्यांनाच बोलावणे आले. शिपाई आत शिरण्यास धजेनात. ‘तुमचा देव तुमचे रक्षण करतो असे तुम्हीच सांगता ना,’ अशा अर्थाचा युक्तिवाद करून तुरुंगाधिकाऱ्याने त्यांना आत धाडले. कैदी शांत झाल्यावर त्यांनी तुरुंगाधिकाऱ्याला जे सांगितले ते अधिक महत्त्वाचे आहे. दिवसभर रिकामी बसलेली, उपाशी माणसे आणखी काय करणार, असा त्यांचा प्रश्न होता. पुढे त्यांच्या खटपटीने तुरुंगात हातमाग आले.

‘नऊ पेन्स’ आणि ‘कमी’

मुलांचा सांभाळ सुरू झाला तो मात्र कोणत्याही योजनेने नव्हे. रस्त्याच्या कडेला एक बाई एका खंगलेल्या मुलीला विकावयास बसली होती. ग्लॅडिस यांच्या खिशात होती तेवढी चिल्लर त्यांनी दिली आणि मुलीला घरी आणले. ती रक्कम इंग्रजी चलनात नऊ पेन्सांच्या आसपास होती, म्हणून मुलीचे लाडके नाव ‘नऊ पेन्स’ असे पडले. काही दिवसांनी या मुलीने एका अनाथ मुलाला घरी आणले आणि आपण थोडे कमी जेवू म्हणजे त्यालाही पुरेल, असे सुचविले. त्या मुलाचे नाव ‘कमी’ असे ठेवण्यात आले. असे करता करता घर मुलांनी भरत गेले.

१९३६ मध्ये ग्लॅडिस यांनी चिनी नागरिकत्व घेतले. ‘आय वेइ-दे’ हे त्यांचे चिनी नाव. या निर्णयाचा अर्थ पुढे युद्धात स्पष्ट झाला. ब्रिटन आणि जपान यांच्यात डिसेंबर १९४१ पर्यंत युद्ध नव्हते आणि ब्रिटिश पारपत्रामुळे परकीय धर्मसेवकांना काही प्रमाणात तरी संरक्षण मिळत होते. ग्लॅडिस यांनी ते आपण होऊन सोडले होते.

युद्धाची झळ

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलापाशी झालेल्या चकमकीतून चीन-जपान युद्धाचा भडका उडाला. नोव्हेंबरमध्ये शान्सीची राजधानी ताइयुआन पडली. १९३८ च्या वसंतात जपानी विमानांनी यांगचेंगवर बाँब टाकले. त्यानंतर गाव कधी जपान्यांच्या तर कधी चिन्यांच्या हाती, असा क्रम सुरू झाला. प्रत्येक फेऱ्यात पोरकी मुले वाढत होती आणि सराईतील पानांची संख्याही.

ग्लॅडिस यांनी या काळात जखमींची सेवा केली. त्याचबरोबर जपानी सैन्याच्या हालचालींची माहिती चिनी सैन्याला पुरविली. धर्मसेविकेने असे करावे काय, हा प्रश्न उभा राहतो. त्यांच्या दृष्टीने त्या आता चिनी होत्या आणि देश त्यांचा होता. परिणामी त्यांना पकडून देणाऱ्यास बक्षीस देण्याची पत्रके लागली. त्यांच्याजवळ असणे हेच आता मुलांच्या जिवावर बेतणारे ठरले. कथासाहित्यात सहसा टाळला जाणारा हा पेच प्रत्यक्षात त्यांच्या निर्णयाच्या मुळाशी होता.

मुलांना कोठे न्यावयाचे, याचे उत्तर शेजारच्या शेन्सी प्रांतातील शीआन येथे होते. मार्च १९३८ मध्ये हांकौ येथे चियांग कै-शेक यांच्या पत्नी सुंग मेइ-लिंग यांच्या पुढाकाराने युद्धग्रस्त बालकांच्या संगोपनासाठी संघटना स्थापन झाली होती आणि शीआनमध्ये मुलांची सोय होऊ शकत होती. अॅलन बर्जेस यांनी आपल्या चरित्रग्रंथात दिलेल्या वृत्तान्तानुसार, त्सिन पेन-क्वांग या चिनी सहकाऱ्याने आधी सुमारे शंभर मुले सुखरूप तेथे पोहोचविली. उरलेल्या मुलांसाठी परतताना तो जपान्यांच्या हाती लागला आणि पुन्हा दिसला नाही. त्यामुळे दुसऱ्या तुकडीची जबाबदारी ग्लॅडिस यांच्यावर आली. त्सिन यांनी तोच प्रवास आधी केला होता, तरी पुढील लोकप्रिय कथनांत त्यांना फारशी जागा मिळालेली नाही.

डोंगरवाट

१९४० च्या वसंतात हा प्रवास सुरू झाला. मुले चार ते पंधरा वर्षांच्या वयाची होती. प्रत्येकाजवळ वळकटी, वाडगा आणि जेवणाच्या काड्या होत्या. मँडरिनने टोपल्यांतून राळे वाहून नेण्यासाठी दोन माणसे दिली, पण ती पहिल्या टप्प्यापुरतीच. पहिली रात्र एका बौद्ध मंदिरात गेली; पुढील कित्येक रात्री उघड्यावर काढाव्या लागल्या. हमरस्ता टाळून डोंगरातील आडवाटांनी जावयाचे होते. कापडी जोडे काही दिवसांतच झिजून गेले. थोरली मुले धाकट्यांना आळीपाळीने पाठीवर घेत. राळे संपल्यावर वाटेत भेटलेल्या चिनी सैनिकांनी आपल्या शिध्यातील वाटा दिला.

सुमारे बारा दिवसांनी ही तुकडी पीत नदीच्या काठी पोहोचली. काठावरचे गाव ओस पडलेले होते. जपान्यांनी नदी ओलांडू नये म्हणून सर्व नावा पैलतीरी नेऊन ठेवण्यात आल्या होत्या. अन्न नव्हते, पाठीमागे शत्रू होता आणि ग्लॅडिस स्वतः आजारी होत्या. येथे घडलेला एक संवाद सर्व चरित्रांत येतो. मोशेसाठी समुद्र दुभंगविणारा देव आपल्यासाठी नदी का उघडत नाही, असे एका मुलीने विचारले. आपण मोशे नाही, असे ग्लॅडिस म्हणाल्या. त्यावर मुलीने उत्तर दिले, की देव तर तोच आहे. मुले गाऊ लागली. तो आवाज गस्तीवरील एका चिनी अधिकाऱ्याच्या कानी गेला आणि त्याने पैलतीराहून नाव मागविली. पाणी दुभंगले नाही; एका माणसाने गाणे ऐकले आणि आपल्या अधिकारात होते ते केले.

नदीपलीकडे आगगाडी मिळाली, पण प्रवास संपला नाही. तुंगक्वानच्या परिसरात लोहमार्ग नदीपारच्या जपानी तोफांच्या टप्प्यात होता. त्यामुळे पुन्हा एक डोंगर पायी चढून जावे लागले आणि पुढे रात्रीच्या अंधारात कोळशाच्या मालगाडीवर निजलेल्या मुलांना बांधून नेण्यात आले. शीआनचे दरवाजे निर्वासितांच्या लोंढ्यामुळे बंद झाले होते. शेवटी जवळच्या फूफेंग येथे मुलांची सोय झाली. मुले सुपूर्द केल्यावर ग्लॅडिस कोसळल्या. टायफस ज्वराने त्यांना पछाडले होते आणि बरे होण्यास दीर्घ काळ लागला.

या प्रवासाकडे पाहिले असता धैर्य या शब्दाचा अर्थ बदलतो. त्यात शस्त्र नाही, शत्रूशी समोरासमोर गाठ नाही. रोज सकाळी मुलांची डोकी मोजणे, वाडग्यात सर्वांना सारखे पडेल असे पाहणे, फोड आलेले पाय बांधणे आणि रडणाऱ्याला चालते ठेवणे, एवढेच त्याचे स्वरूप होते.

चरित्र, चित्रपट आणि कादंबऱ्या

१९४० च्या दशकाच्या अखेरीस ग्लॅडिस इंग्लंडला परतल्या. बीबीसीमध्ये नभोवाणी-मालिका लिहिणारे अॅलन बर्जेस युद्धकाळातील पराक्रमाच्या कथा शोधत होते. आपल्या हातून विशेष काही घडलेले नाही, अशीच ग्लॅडिस यांची प्रथम भावना होती. बोलण्याच्या ओघात मुलांना घेऊन डोंगर ओलांडल्याचा उल्लेख आला आणि बर्जेस सावध झाले. त्यांचा ‘द स्मॉल वुमन’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो चरित्रग्रंथ असला, तरी त्याची मांडणी कादंबरीच्या अंगाने जाते. संवाद रचलेले आहेत, प्रसंगांना चढउतार दिलेला आहे. लिननान नावाच्या चिनी सेनाधिकाऱ्याविषयी ग्लॅडिस यांना वाटलेल्या ओढीचाही त्यात संयत उल्लेख आहे.

१९५८ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने या ग्रंथावर ‘द इन ऑफ द सिक्स्थ हॅपिनेस’ हा चित्रपट काढला. मार्क रॉब्सन यांना या दिग्दर्शनासाठी ऑस्करचे नामांकन मिळाले. मँडरिनची भूमिका करणारे रॉबर्ट डोनॅट यांचा हा अखेरचा चित्रपट. प्रदर्शनापूर्वीच त्यांचे निधन झाले. चीनचे डोंगर म्हणून वेल्समधील स्नोडोनियाचा परिसर वापरण्यात आला आणि पुष्कळशी मुले लिव्हरपूलच्या चिनी वस्तीतून आणण्यात आली. चित्रपट लोकप्रिय झाला आणि त्यातील मुलांचे कूचगीतही गाजले.

मात्र पाच फुटांहून कमी उंचीच्या, सावळ्या केसांच्या ग्लॅडिस यांच्या जागी उंच, देखण्या इन्ग्रिड बर्गमन आल्या. सराईची आठ सुखे सहा झाली. चिनी परंपरेत दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचार आणि शांत मृत्यू ही पाच सुखे मानली जातात. सहावे ज्याने त्याने आपल्या मनात शोधावे, असा नवा अर्थ चित्रपटाने दिला. कल्पना सुबक आहे, पण मूळ नावातील ख्रिस्ती संदर्भ त्यात पुसला गेला. सायबेरियातील खडतर प्रवास थोडक्यात आटोपला. चिनी सेनाधिकारी अर्धा युरोपीय झाला आणि ती भूमिका जर्मन नट कुर्ट युर्गेन्स यांनी केली. पडद्यावरील प्रणयप्रसंगांनी ग्लॅडिस यांना लाज आणि क्लेश झाले. आपल्या नावाला बट्टा लागला असे त्यांना वाटले. त्याहूनही त्यांना खुपला तो शेवट. चित्रपटातील नायिका मुलांना पोहोचवून प्रियकराकडे परत जाण्याच्या विचारात दिसते. प्रत्यक्षातील स्त्रीने मुलांना सोडले नव्हते.

पुढील काळात ख्रिस्ती प्रकाशनसंस्थांनी ही कथा बालवाचकांसाठी पुन्हा लिहिली. १९९० च्या दशकात डेव्ह आणि नेटा जॅक्सन या दांपत्याने आपल्या ‘ट्रेलब्लेझर’ मालिकेत ‘फ्लाइट ऑफ द फ्युजिटिव्ह्ज’ ही कादंबरी ग्लॅडिस यांच्यावर लिहिली. या मालिकेची रीत अशी, की ऐतिहासिक व्यक्ती खरी आणि तिच्या शेजारी वावरणारे बालपात्र प्रामुख्याने काल्पनिक. कथा या मुलाच्या नजरेतून उलगडते. जॅनेट आणि जेफ बेंज यांचे १९९८ मधील पुस्तक चरित्राच्या वाटेने जाते. या लेखनाला भाबडेपणाचा दोष देता येईल. त्यात शंका लवकर फिटतात आणि प्रार्थनेला उत्तर वेळेवर मिळते. तथापि कथेच्या केंद्रस्थानी मूल ठेवण्याची त्याची रीत चित्रपटाच्या तुलनेत घटनेच्या अधिक जवळ जाते. नायिका किती शूर होती यापेक्षा त्या मुलाला भूक लागली होती, हे वाचकाला आधी कळते.

डॉ. कोटणीसांचे साम्य

मराठी वाचकास येथे एका समांतर कथेची आठवण होणे स्वाभाविक आहे. ग्लॅडिस शान्सीत असतानाच, सप्टेंबर १९३८ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठविले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. शान्सी-चाहार-होपेइ सीमाप्रदेशात जखमींवर उपचार करीत ते राहिले, तेथेच त्यांनी क्वो छिंग-लान यांच्याशी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. दोघांचे मार्ग आणि श्रद्धा भिन्न होत्या. ग्लॅडिस यांचे संबंध राष्ट्रवादी पक्षाच्या सैन्याशी, तर कोटणीस यांचे साम्यवादी आठव्या मार्ग सेनेशी आले. पण दोघांच्याही जीवनावर पुस्तक आणि त्यावरून चित्रपट असा क्रम घडला. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ निर्माण केला. तेथेही प्रेमकथेला मोठे स्थान मिळाले. परंतु कोटणीसांच्या बाबतीत विवाह हा सत्याचाच भाग होता. ग्लॅडिस यांच्या बाबतीत प्रेमकथेचा शेवट सत्याच्या उलट दिशेने नेण्यात आला. शिवाय आपल्यावरील चित्रपटाचा परिणाम सोसण्यास त्या हयात होत्या.

उत्तरायुष्य

चीनमध्ये १९४९ साली साम्यवादी राजवट आल्यानंतर ग्लॅडिस यांना मुख्य भूमीवर परतणे शक्य झाले नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे त्यांच्यावरील चित्रपट जगभर दाखविला जाऊ लागला त्या सुमारास, त्या तैवानला गेल्या. तैपेइ येथे त्यांनी अनाथ मुलांसाठी आश्रम काढला आणि जानेवारी १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच काम केले. तैपेइजवळील क्वानतू येथील ख्रिस्ती महाविद्यालयाच्या आवारात त्यांची समाधी आहे आणि तिचे तोंड चीनच्या मुख्य भूमीकडे आहे.

चित्रपट संपतो तेथे मुले सुरक्षित स्थळी पोहोचलेली असतात आणि नायिकेचे काम आटोपलेले असते. ग्लॅडिस आयलवर्ड यांच्या आयुष्यात तो प्रसंग अडतिसाव्या वर्षी आला. त्यानंतरची जवळजवळ तीस वर्षेही निराश्रितांच्या आणि पोरक्या मुलांच्या सेवेत गेली. युद्धातील शौर्याची कथा सांगणाऱ्यास या वर्षांत नाट्य सापडणार नाही. पण शीआनच्या वाटेवर मुलांची डोकी मोजणारी स्त्री कोण होती, हे समजण्यास ती वर्षे डोंगरवाटेइतकीच महत्त्वाची आहेत.